न पिकलेलं कुसळ

वेत विणणाऱ्यांचा एक नियम आहे. बोटात कुसळ गेलं तर टोकरायचं नाही. सुई नको, चिमटा नको. दोन दिवस गप्प बसायचं. बोट लाल होतं, ठणकतं, कुसळाभोवती पिवळं पिकतं आणि एका सकाळी जरा दाबलं की कुसळ आपलं आपण बाहेर येतं. वेतवाल्याला त्याच्या उस्तादाने हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. कुसळ आपण काढायचं नसतं, अंग काढतं, आपण वाट बघायची. उस्तादाकडून शिकलेल्या सगळ्या गोष्टींत वेतवाल्याला हीच सोपी वाटली. वाट बघणं त्याला लहानपणापासून जमायचं.

त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्ता, मागे मोरी. बैठक फाटलेल्या खुर्च्या भिंतीवर उलट्या टांगलेल्या असायच्या, पाय वर करून. मोरीजवळ पत्र्याचा टब, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. टबातलं पाणी रोज बदलायचं नाही, हाही उस्तादाचाच शिरस्ता. मुरलेल्या पाण्यात वेत नरम पडतो, ताज्या पाण्यात आखडून बसतो, असं तो म्हणायचा. टबाच्या कडेला काळपट, मखमलीसारखा थर धरायचा. तो कोणी खरवडत नसे. जुन्या दुकानाची ती खूण होती.

काम एकट्याचं. चौकटीच्या भोकांतून पट्टी ओवायची, खुंटी ठोकून ताण धरायचा. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरप्या. तिरपी पट्टी ओढली की चौकोनांचे कोपरे कापले जातात आणि सगळी बैठक एकदम जाळीदार दिसू लागते. हा क्षण वेतवाल्याला आवडायचा. तो कोणाला सांगावा असा नव्हता आणि सांगायला कोणी नव्हतंही. लग्न राहून गेलं होतं. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, खुर्च्या दुरुस्त करता करता माझीच खुर्ची रिकामी राहिली. लोक हसायचे. मग त्यांनी विचारणं सोडलं.

चाळिशी ओलांडली आणि त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. काही काळ तो मशीनवर होता. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं, हाताला नळ्या लावून पडायचं, रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येताना बघायचं. मग ताईने आपली एक किडनी दिली.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला वाढवलं. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, बसने अर्ध्या दिवसावर, पण धाक तसाच राहिला. किडनी द्यायची हे तिने विचारलं नाही, सांगितलं. दाजींना ते पसंत नव्हतं. ते काही बोलले नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी मात्र ते वेतवाल्याच्या खाटेकडे न येता खिडकीपाशी उभे राहिले, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलताना ते भिंतीकडे बघतात.

ताईने एकच अट घातली. वेत सोडायचा. धूळ, ओलं लाकूड, तो घाणेरडा टब, सगळं सोडायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनीही तेच सांगितलं होतं. माती हाताळू नका, गर्दीत जाऊ नका, तोंडाला पट्टी बांधा, पाणी उकळून प्या, काही लागलं-खुपलं तर लगेच दाखवा. तो सगळ्याला हो म्हणाला.

एक वर्ष त्याने अक्षरशः पाळलं. खोलीत राहिला. उकळलेलं पाणी थंड व्हायची वाट बघितली. गोळ्या घेतल्या. भेटायला येणारे आधी त्याच्या काळजीपोटी यायचे थांबले, मग सवयीने. संध्याकाळी तो खिडकीत बसायचा तेव्हा खालून जाणारा एखादा ओळखीचा माणूस वर बघून हात करायचा आणि चालत राहायचा. नवी किडनी उत्तम चालली होती. ती कशासाठी चालली आहे, हे त्याला कधीकधी कळेनासं व्हायचं.

मग त्याने दुकान उघडलं. ताईला सांगितलं, कामाला माणूस ठेवलाय, मी नुसता गल्ल्यावर बसतो.

समोर घड्याळवाल्याचं दुकान. दोघांची बोलणी रस्त्यावरूनच चालायची, हा या उंबऱ्यात, तो त्या उंबऱ्यात, मधून सायकली आणि हातगाड्या. घड्याळवाला त्याला म्हणाला, "तुझा तो ठेवलेला माणूस काम छान करतो रे. दिसतोही अगदी तुझ्यासारखा." वेतवाल्याने तोंडावरच्या पट्टीमागे हसून घेतलं. त्या दिवशी त्याने जेवण पोटभर केलं.

वाचनालयाच्या खुर्च्या आल्या तेव्हाची गोष्ट. तळघरात पाणी शिरलं होतं, खुर्च्या ओल्या झाल्या होत्या, चौकटी काळ्या पडल्या होत्या. भोकांतून जुना वेत उपसताना लाकडाची कुसळासारखी बारीक ढलपी सुटली आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आत शिरली. खोल गेली. वेतवाल्याने हात धुतला आणि वाट बघायला लागला.

दोन दिवस झाले. बोट लाल झालं नाही. आठवडा झाला. ठणकलं नाही, सुजलं नाही, पिकलं नाही. तो खूश झाला. उस्तादाला जे कधी जमलं नव्हतं ते आपल्या अंगाने केलं होतं, कुसळ जिरवून टाकलं होतं. त्याने घड्याळवाल्याला हात वर करून दाखवला. घड्याळवाला म्हणाला, एवढं गुणी अंग कोणाच्या नशिबी. दोघांनी चहा मागवला, आपापल्या उंबऱ्यात प्याला.

काही महिन्यांनी तिथे वाटाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती. त्वचेखाली सरकत होती, जणू खिशातली गोळी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने दाबून पाहिली आणि पाण्याची गाठ म्हणून सोडून दिली. दुखत नाही ना, मग राहू द्या. त्या डॉक्टरला किडनीची गोष्ट ठाऊक नव्हती आणि वेतवाल्याने ती सांगितली नाही. सांगितली असती तर पुढचा प्रश्न आला असता, कुसळ गेलं कसं. किडनीच्या डॉक्टरबाईंकडे तपासणीला जाताना तर तो उजवा हात खिशात ठेवूनच बसायचा. बाईंना कळलं म्हणजे ताईला कळलं. ताईला कळलं म्हणजे दाजींना कळलं. आणि दाजी भिंतीकडे बघत काय म्हणतील, हे त्याने मनात इतक्यांदा ऐकलं होतं की ते खरंच म्हणून झाल्यासारखं वाटायचं.

दुसरी गाठ मनगटाच्या वर आली. तिसरी कोपराखाली. एका रांगेत, चढावर चालल्यासारख्या.

एकदा तपासणीत रक्तदाब घ्यायला बाईंनी उजव्या हाताची बाही वर केली आणि त्या थांबल्या. त्यांनी तिन्ही गाठी एकेक करून दाबल्या.

"दुखतं?"

"नाही."

"कधी दुखलं होतं?"

"नाही डॉक्टर. म्हणून तर…"

त्याने वाक्य सोडून दिलं. बाईंनी उरलेलं ऐकायचा आग्रह धरला नाही. त्यांनी गाठीत सुई घालून आतलं काढलं आणि प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे ते एका बशीत रुजवून ठेवणार होते. जे असेल ते वाढलं की ओळखायचं. हे जे काही आहे ते सावकाश वाढतं, असं त्या म्हणाल्या, थोडी वाट बघावी लागेल. वेतवाला या शब्दांना प्रथमच घाबरला.

बशीचा फोटो त्यांनी त्याला फोनवर दाखवला. गोल काच, तिच्यात हिरवट काळी, मऊ, मखमलीसारखी वाढ. वेतवाल्याने ती लगेच ओळखली. मोरीजवळच्या टबाच्या कडेला ती वर्षानुवर्षं होती. मग त्याने कुसळाची गोष्ट आणि उस्तादाचा नियम बाईंना सांगून टाकला.

बुरशी होती. नाव लांबलचक होतं. बाई म्हणाल्या, ते तुमच्या उपयोगाचं नाही, आमच्यातल्याही बऱ्याच जणांनी ते पुस्तकातच वाचलंय. लोक जिला काळी बुरशी म्हणून भितात ती ही नव्हे. ही मातीत असते, ओल्या लाकडात असते, कुजत्या पानांत असते. तुमच्या उस्तादाच्या बोटांत ती शंभरदा गेली असेल. दर वेळी त्याच्या अंगाने तिला पू करून बाहेर फेकली.

"मग माझ्या अंगाने का नाही?"

बाईंनी खुर्ची जरा जवळ ओढली. बोलायच्या त्या हळूच, त्या दिवशी आणखी हळू बोलल्या.

"तुमच्या घरात एक पाहुणी राहायला आलीय. ताईंची किडनी. घरातली कुत्री तिच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून आम्ही त्यांना बांधून ठेवलंय, रोजच्या गोळ्यांनी. आता चोर शिरला तरी ती भुंकत नाहीत. लाली, ठणका, ताप, पू, हे सगळं भुंकणं असतं. तुमच्याकडे शांतता होती. तुम्हाला वाटलं, चोर आलाच नाही."

वेतवाला बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिला. उस्ताद खोटं बोलला नव्हता. त्याचा नियम दुसऱ्या अंगांसाठी होता.

बुरशी हा शब्द त्याच्याआधी गल्लीत पोचला. कोणी नेला कळलं नाही. ही एकाची दुसऱ्याला लागत नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं होतं आणि वेतवाल्याने ते ज्याला त्याला सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि पाऊल मागे घ्यायचे. वाचनालयाचा माणूस येऊन खुर्च्या परत घेऊन गेला, विणलेल्या आणि न विणलेल्या सगळ्याच, वर्तमानपत्रात धरून. चहावाला ग्लास पायरीवर ठेवून जायला लागला. फक्त घड्याळवाला एका दुपारी रस्ता ओलांडून आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो या दुकानात शिरला होता. पूर्वी जिथे खुर्च्या उलट्या टांगलेल्या असायच्या त्या रिकाम्या खिळ्यांकडे बघत एका स्टुलावर बसला.

"मला कशाला भ्यायचं," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात बुरशी नाही, गंज लागतो."

थोडा वेळ बसला. मग समोर त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं. तो उठून गेला.

पुढच्या तपासण्यांत डोकं स्वच्छ निघालं, पण छातीच्या फोटोत एक डाग होता. बुरशी हातावर थांबली नव्हती. बाईंनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. गाठी कापून काढू. बुरशीचं औषध सुरू करू, ते कित्येक महिने घ्यावं लागेल. पण तेवढ्याने भागणार नाही. कुत्री सोडायला हवीत. रोजच्या गोळ्या खूप खाली आणाव्या लागतील, एक तर बंदच. आणि कुत्री सुटली की ती आधी चोरावर जातील की पाहुणीवर, हे कोणी सांगू शकत नाही.

"आणि पाहुणीवर गेली तर?"

"एरवी किडनी रुसली तर तिची समजूत घालायला आमच्याकडे जालीम औषध असतं. आता ते देता येणार नाही. त्याने बुरशीला मोकळं रान मिळेल."

तो म्हणाला, गोळ्या आहेत तशाच चालू द्या, नुसतं बुरशीचं औषध द्या. बाई नाही म्हणाल्या. तो म्हणाला, मला एकट्याला ठरवता येणार नाही, वस्तू माझी नाही. बाईंना तो काय म्हणतोय हे कळलं. त्यांनी दोन दिवस दिले. त्याहून जास्त नाही, म्हणाल्या.

ताईचा फोन रविवारी यायचा. त्या दिवशी मधलाच कुठला तरी वार होता. दुपारी, दाजी झोपलेले असतील अशा बेताने, वेतवाल्याने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि फोन लावला.

"आज कसा काय?" ताई म्हणाली.

"ताई, मी वेत विणत होतो."

"माहीत आहे."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मागे आलास तेव्हा तुझ्या बोटांना घट्टे होते. नुसत्या बसणाऱ्याला घट्टे दुसरीकडे पडतात."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? वर्षभर घरात बसून तू वाळत चालला होतास. दुकान उघडलंस आणि तुझा आवाज सुधारला. म्हटलं, राहू दे."

मग त्याने सगळं सांगितलं. कुसळ, टब, गाठी, खिशातला हात, छातीतला डाग. तिच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो ऐकू येत होता.

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात," ती शेवटी म्हणाली. "तुला स्वतःच्या हातातलं दिसेना होय रे, धाकट्या."

"गोळ्या कमी केल्या तर ती जाईल, ताई."

"कोण?"

"तुझी किडनी."

"माझी माझ्याजवळ आहे. एक. छान चाललीय." तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "ती तुझी. घराला आग लागली तर माणसाने आधी बाहेर यावं. भांडीकुंडी सांभाळत बसू नये."

"दाजी काय म्हणतील?"

ती उत्तर देणार होती. तेवढ्यात आतून दाजींचा आवाज आला, कोणाचा फोन आहे. धाकट्याचा, ती म्हणाली. बरा आहे ना, दाजींनी विचारलं. वेतवाल्याला ते स्पष्ट ऐकू आलं. त्या आवाजात राग नव्हता, झोप होती.

"बरा आहे," ताई म्हणाली.

खोटं बोलताना तिचा आवाज कसा लागतो, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अगदी त्याच्यासारखा.

हातावरच्या गाठी कापून काढल्या, जखमा शिवल्या. गोळ्या खाली आल्या. बुरशीच्या औषधाने डोळ्यांपुढे रंग सांडायचे. दिव्यांना कडा यायच्या, समोरच्या दुकानातली घड्याळं सगळी एकदम लुकलुकायची. हे औषधामुळे होतं, जाईल, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. दुकान त्याने रिकामं केलं. टब भंगारात दिला. घेणाऱ्याने तो उचलायच्या आधी हाताला फडकं गुंडाळलं.

काही महिने दोन्ही निभावलं, बुरशी हटत राहिली आणि किडनीही चालली. छातीतला डाग आक्रसत गेला आणि दिसेनासा झाला. बाई त्या दिवशी हसल्या. त्यांना हसताना त्याने आधी पाहिलं नव्हतं. मग रक्ताच्या तपासणीत किडनीचा आकडा चढला, थोडा उतरला, पुन्हा चढला. बाईंनी जपून जे देता येईल ते दिलं. दर वेळी त्या कागद हातात घेऊन जरा जास्त वेळ वाचत बसायच्या. पाय सुजायला लागले. तोंडाला ती जुनी धातूची चव आली. वेतवाल्याला कोणी सांगायची गरज नव्हती. हा रस्ता त्याच्या पायाखालचा होता.

मशीन पुन्हा सुरू झालं त्याच्या आदल्या दिवशी ताई आली. दाजींनीच जा म्हटलं, असं ती म्हणाली. ते खरं होतं की नाही, हे त्याने विचारलं नाही. मशीनच्या खोलीत नातेवाइकांना बसू देत नसत. ती बाहेर बाकावर बसली. दाराच्या काचेतून तिला त्याचे पाय दिसत होते आणि त्याला तिची पिशवी.

मशीनवरून त्याची सुटका झाल्यावर डॉक्टरबाई बाहेर आल्या. ताईने त्यांना विचारलं, आता ती काढून टाकणार का. नाही, बाई म्हणाल्या, त्रास देत नाही तोवर आतच राहू देतात. चालत नसली तरी. ताईने मान हलवली. मग ती पिशवीतला डबा त्याच्या हातात देत म्हणाली, मीठ अजिबात घातलेलं नाही, तोंड वाकडं करू नकोस.

संध्याकाळची शेवटची बस होती. दाजींना दोन दिवसांवर एकटं ठेवता यायचं नाही, त्यांना साधा चहाही करता येत नाही. स्टँडवर दोघं उभे राहिले. बोलायचं बरंच होतं. ती म्हणाली, पाणी मोजून पी. तो म्हणाला, हो. ती म्हणाली, त्या घड्याळवाल्याकडे जाऊन बसत जा. तो म्हणाला, त्याचं दुकान फार लहान आहे. ती खिडकीपाशी बसली. त्याने काचेवर बोट टेकवलं, उजव्या हाताचं. अंगठ्याच्या मुळाशी शिवणीची आडवी रेघ होती. ताईने आतून त्याच जागी बोट ठेवलं.

बस हलली तेव्हा तिने खिडकी सरकवून ओरडून सांगितलं, "पोचलास की फोन कर."

प्रवासाला ती निघाली होती. त्याला दोन गल्ल्या चालायच्या होत्या.

तो चालत घरी आला. जिना मधे दोनदा थांबून चढला. दार उघडलं, दिवा लावला, डबा टेबलावर ठेवला. मग फोन लावला. बस गावाबाहेर पडली असावी. पलीकडून यंत्राचा आवाज सांगत होता की संपर्क होऊ शकत नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

त्याने थोड्या वेळाने प्रयत्न केला. पुन्हा केला. खुर्चीत बसून तो फोन हातात धरून राहिला. पोचलो, एवढंच सांगायचं होतं.